नव्वदच्या आत

डॉक्टरांनी मला दोन अटी घातल्या तेव्हा मी त्यांच्यासमोर सज्जन माणसासारखा बसलो होतो आणि वरच्या खिशात सिगारेटचं पाकीट होतं. पहिली अट, आजपासून धूर बंद. दुसरी अट, वजन नव्वद किलोच्या वर जाता कामा नये. तीन महिन्यांनी ते मला पुन्हा तपासणार होते. दोन्ही अटी पाळल्या तर माझी एक किडनी काढून ताईला बसवायची, नाहीतर नाही.

"नव्वदच्या वर गेलात तर मी तुम्हाला टेबलावर घेणार नाही," ते म्हणाले. "तुमची उंची बघता नव्वदसुद्धा मी दयेपोटी सांगतोय."

उंचीचा विषय काढायचं काही कारण नव्हतं. मी तेव्हा पंच्याऐंशी किलो होतो, म्हणजे पाच किलोची मोकळीक होती. मला चिंता होती ती सिगारेटची. वजन काय, तीस वर्षं जागचं हललं नव्हतं. ते का हललं नव्हतं हे डॉक्टरांना ठाऊक होतं आणि मला नव्हतं.

ताई माझी सख्खी बहीण, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. उलव्याला मुलाकडे राहते. दीड वर्षापासून तिच्या किडन्यांनी काम सोडलं होतं आणि आठवड्यातून तीन दिवस तिला पनवेलला येऊन चार-चार तास मशीनवर झोपावं लागत होतं. भाऊजी नाहीत. भाचा द्यायला तयार होता, पण त्याला पस्तिशीतच साखर निघाली. उरलो मी. रक्तगट जुळला, बाकीच्या तपासण्याही जुळल्या. माझं आणि ताईचं एवढ्या गोष्टींवर एकमत आयुष्यात पहिल्यांदाच झालं होतं.

हे सगळं ठरवायला आम्ही चौघं होतो. मी, माझी बायको, भाचा आणि डॉक्टर. ताई त्या वेळी आतल्या खोलीत मशीनवर होती. घरी गेल्यावर तिला सांगितलं. ती काही बोलली नाही, चहा टाकायला उठली. आमच्या घरात बाई गप्प राहिली की पुरुष तो होकार धरतात. माझ्या आजोबांनी धरला, वडिलांनी धरला, मीही धरला.

मी सुकापूरला हार्डवेअरचं दुकान चालवतो. सिमेंट, लोखंड, खिळे, नळ, कड्याकोयंडे. बापजाद्यांनी इथे भात लावला, मिठागरं राखली. आता त्याच जमिनीत इमारती उगवतात आणि मी त्यांना खिळे पुरवतो. या धंद्यात सिगारेटला कुणी व्यसन म्हणत नाही. साईटवर गेलं की मुकादमाला एक द्यायची, आपण एक घ्यायची, मग स्लॅब कधी टाकणार ते कळतं. दुकानात गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की मी "आलोच" म्हणून बाहेर पडायचो आणि टपरीशी उभा राहून एक ओढून यायचो. परत येईपर्यंत ते आपोआप नरम झालेलं असायचं. धूर बंद झाला आणि माझी सगळी व्यापारी अक्कल त्याच्याबरोबर गेली. गिऱ्हाईक घासाघीस करायचं आणि मी तिथेच बसून राहायचो, आणि बसून राहिलो की मला राग यायचा.

पहिल्या आठवड्यात मी तीन गिऱ्हाइकांशी भांडलो. एका बाईंनी बेसिनचा नळ हातात घेऊन "हा गळणार नाही ना?" असं विचारलं, तर मी त्यांना "तुम्ही गळणार नाही याची मला खात्री देता का?" असं म्हणालो. याचा अर्थ काय, हे मला त्या क्षणीही माहीत नव्हतं. त्या बाई अजून रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने जातात.

दुसरा प्रश्न हाताचा. सिगारेट ओढणाऱ्याच्या उजव्या हाताला दिवसभर नोकरी असते. ती सुटल्यावर तो हात बेकार होतो आणि मिळेल ते उचलून तोंडाकडे नेतो. मी बडीशेपेने सुरुवात केली. बडीशेपेने भागेना म्हणून फुटाणे आणले, फुटाणे कोरडे लागतात म्हणून शेंगदाणे, शेंगदाण्यांबरोबर गूळ पाहिजेच. दुसऱ्या आठवड्यात गल्ल्याच्या खालच्या खणात, जिथे पूर्वी बिलबुकं असायची, तिथे फरसाण, चिवडा आणि राजगिऱ्याचे लाडू होते. शिवाय जिभेला चव परत आली होती. पंचवीस वर्षांत माझ्या बायकोच्या हातची आमटी इतकी चांगली असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी तसं तिला म्हणालो. तिने मला सांगितलं की ती दर वेळी विचारायची आणि मी दर वेळी "हं" म्हणायचो.

सल्ला देणाऱ्यांचा सुकाळ होता. कुणी म्हणे वेलदोडा चघळ, कुणी म्हणे कोमट पाण्यात लिंबू. दुकानात येणारे दोन गवंडी तळहातावर तंबाखू मळत मळत मला सिगारेट किती वाईट ते समजावून सांगायचे. भीक नको पण कुत्रा आवर, अशी माझी गत झाली.

आणि रोज दुपारी एक वाजता ताईचा डबा यायचा.

पहिला डबा आला तो डॉक्टरांनी अटी घातल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी. भाचा टेम्पो चालवतो, माझा माल साईटवर पोचवायला त्याला रोज दुकानात यावंच लागतं. त्याने चार पुडांचा डबा गल्ल्यावर ठेवला. "आईने दिलाय. म्हनते, सिगारेट सोडल्यावर मानसाला भूक लागते." वरच्या पुडात तांदळाच्या भाकऱ्या, त्याखाली कोलंबीचं सुकं, त्याखाली वालाचं बिरडं, तळाला भात. श्रावण नुकताच संपला होता, त्यामुळे मासळीला बंदी नव्हती. मी डबा पुसून खाल्ला. संध्याकाळी ताईला फोन केला तर ती म्हणाली, "आवडलं? उद्या चिंबोऱ्या देते." दुसऱ्या दिवशी खेकड्यांचा रस्सा आला.

नाही कसं म्हणणार? बाई स्वतः आजारी, मोजून पाणी पिणारी, तिला मीठ नाही, केळं नाही, नारळपाणी नाही, भाजीसुद्धा उकळून पाणी फेकून दिल्यावर. तिला दुसऱ्याला खाऊ घालण्यात समाधान मिळतंय, तर आपण खावं. मी असा विचार करायचो आणि जेवायचो. परोपकार करताना माणूस इतका चवीने जेवल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. घरी गेल्यावर बायकोने केलेलं असायचंच, तिला वाईट वाटू नये म्हणून तेही जेवायचो.

दुकानात लोखंड आणि खिळे तोलायचा मोठा काटा आहे, माणूस उभा राहील एवढा. त्याचा आकडा गिऱ्हाइकाला दिसलाच पाहिजे असा नियम असतो, म्हणून तो रस्त्याकडे तोंड करून आहे. काट्यावर बसतो तो आमच्याच गावचा, माझ्याच वयाचा, दुकान उघडल्या दिवसापासून माझ्याबरोबर. त्याला वजन मनात वाचता येत नाही. तो मोठ्याने ओरडतो आणि मी लिहून घेतो, अशी वीस वर्षांची सवय. महिन्याभराने माझ्या पँटचं बटण तुटून सिमेंटच्या गोणीवर पडलं, तेव्हा मी दुपारची वेळ साधून, गिऱ्हाईक नाही असं बघून, हळूच काट्यावर चढलो.

"नव्वद दोनशे," तो ओरडला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "शेट, गोनीसकट काय?"

"गोणी कुठे दिसते तुला?"

"मंग बिगरगोनीचा," तो म्हणाला. समोरच्या टपरीवरच्या चौघांनी माना वळवून बघितलं. पूर्वी मी त्यांच्यात उभा असायचो.

त्या दिवसापासून मी वजनाच्या मागे लागलो. सिगारेट सोडताना एक गोष्ट करायची नव्हती. वजनाला चाळीस गोष्टी करायच्या असतात, आणि प्रत्येक गोष्ट दुसरा माणूस चूक ठरवतो. आगीतून निघून फुफाट्यात पडलो. गुरुवारचा उपास धरला. उपासाला साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याचं कूट, बटाट्याच्या काचऱ्या, रताळ्याचा कीस, आणि उपासाच्या माणसाला अशक्तपणा येऊ नये म्हणून संध्याकाळी शेंगदाण्याचा लाडू. एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणतात ते खोटं नाही. पहिल्याच गुरुवारी माझं वजन अर्धा किलो वाढलं.

मग सकाळी चालायला लागलो. शेजारच्या इमारतीत एक निवृत्त गृहस्थ राहतात, बेने इस्राएल, म्हणजे आपले कोकणातले ज्यू, जन्मभर बँकेत नोकरी केलेले. भावंडं सगळी एकेक करून परदेशी गेली, हे पनवेल सोडायला तयार झाले नाहीत. ते रोज पहाटे तासभर चालतात, सत्तरी ओलांडलेली, आणि माझ्यापुढे दहा पावलं असतात. मी उपासाची हकीकत सांगितली तर ते थांबून माझ्याकडे बघायला लागले.

"आमच्यात वर्षातून एक मोठा उपास असतो," ते म्हणाले. "एका संध्याकाळपासून दुसऱ्या संध्याकाळपर्यंत. पाण्याचा थेंब नाही."

"आणि साबुदाणा?" मी विचारलं.

ते पुन्हा चालायला लागले. पुढे दहा पावलांवर गेल्यावर म्हणाले, "बहीण माझीही आहे. रविवारी फोनवर दिसते. तुम्ही चालत राहा." मी चालत राहिलो. परत येताना चौकातल्या दोन वडापावांचा वास लागला, पण ते गृहस्थ सोबत होते म्हणून एकच खाल्ला.

नवरात्र संपलं आणि डॉक्टरांनी मधली तपासणी म्हणून बोलावलं. दीड महिना झाला होता. सिगारेट एकही नाही, या एका बळावर मी छाती काढून गेलो. त्यांच्या काट्यावर आकडा आला त्र्याण्णव.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "तुम्ही नक्की करताय काय?" ते म्हणाले. "फुप्फुसं छान झालीत. पण या वजनाला मी भूल द्यायला सांगणार नाही आणि उरलेल्या एका किडनीवर हे ओझंही टाकणार नाही. अजून दीड महिना आहे. तेव्हाही हेच असेल तर विषय बंद. मग तुमच्या बहिणीने मशीनवरच राहायचं, जितके दिवस जमेल तितके." मी मान खाली घातली. ते जरा मवाळ झाले. "तुमच्यापेक्षा त्यांनाच तुमच्या वजनाची जास्त काळजी. मशीनवर आल्या की दर खेपेला विचारतात. नव्वदच्या वर गेला तर नक्की नाही म्हणाल ना? साडेनव्वद झालं तर चालवून घ्याल का? मी सांगितलं, अजिबात चालवून घेणार नाही. तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मशीनवर पडल्या पडल्या बिचारी माझा विचार करते, असं मनात म्हणत मी जिना उतरायला लागलो. पहिल्या मजल्यावर माझे पाय थांबले. समाधान? डॉक्टर चालवून घेणार नाहीत म्हटल्यावर समाधान कसलं? चालवून घेऊ म्हटलं असतं तर समाधान व्हायला पाहिजे होतं.

मी जिन्यातच बसलो आणि डबे आठवायला लागलो. पहिला डबा नव्वदचा आकडा ठरला त्याच्या दुसऱ्या दिवशी. मग चिंबोऱ्या. मग मी फोनवर "पोट वाढतंय" म्हणालो त्या आठवड्यात मटण तीन वेळा. नवरात्रात नारळीभात आणि पुरणपोळ्या, सोबत तुपाची वाटी, आणि वाटीला वेगळं झाकण. माझी बहीण मला प्रेमाने खाऊ घालत होती हे खरंच होतं, पण ती मला हिशेबाने नव्वदच्या पलीकडेही नेत होती. तिला माझी किडनी नको होती. तोंडाने नाही म्हणण्याऐवजी तिने स्वयंपाक केला होता.

मला असा राग आला की टपरी जवळ असती तर मी पाकीटच विकत घेतलं असतं. मी स्कूटर काढली आणि थेट उलव्याला गेलो. वाटेत सगळीकडे खोदकाम, क्रेन, धूळ, विमानतळाकडे जाणारे डंपर. त्या सगळ्यातून मी मनातल्या मनात ताईशी भांडत चाललो होतो आणि प्रत्येक सिग्नलला जिंकत होतो. तू मला फसवलंस. मी तीस वर्षांची सवय टाकली, लोकांशी वैर घेतलं, आणि तू मला कोंबडीसारखं पोसतेस. असं सगळं तयार होतं.

दार भाच्याच्या बायकोने उघडलं. "आई आत हायत," ती म्हणाली. त्या दिवशी सकाळीच ताई मशीनवरून आली होती. मशीनच्या दिवशी तिला उभं राहवत नाही, म्हणून ती ओट्याशी उंच स्टुलावर बसली होती. डाव्या हाताला सुया टोचलेल्या जागी पट्टी, आणि उजव्या हाताने ती भाकरी थापत होती. एका हाताने. परातीच्या कडेला पीठ सांडत होतं. शेजारी कालवणाचं पातेलं होतं. तिने पळीभर रस्सा वाटीत घेतला आणि सुनेला म्हणाली, "मीठ बघ गो. मना नाय चालत." सुनेने चाखून मान हलवली, तेव्हा तिने चिमूटभर मीठ आणखी टाकलं, माझ्या आवडीचं.

मी दारात उभा होतो. सिग्नलला जिंकलेलं एकही वाक्य मला आठवेना.

"आलास?" ती म्हणाली. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, त्र्याण्णव किलो. "सिगारेट सोडली तं कसा वालून सुकून गेलास रे बाला. बस. डबा भरतंय, घेऊनच जा."

मी डबा घेऊन परत आलो. भांडणाचा एक शब्दसुद्धा माझ्याच्याने निघाला नाही, आणि हे मी कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. पण त्या दिवसापासून तो डबा मी उघडला नाही. आला की काट्यावरच्याला द्यायचा. मी दोन भाकऱ्या आणि पालेभाजी आणायला लागलो, सकाळचा तास दीड तास केला, खणातलं फरसाण गवंड्यांना वाटून टाकलं. डबा रिकामा, घासूनपुसून परत जायचा. ताई फोनवर विचारायची, "आवडला?" मी म्हणायचो, "बोटं चाटली." चाटली होतीच, माझी नव्हेत एवढंच. ती मला फसवत होती, मी तिला फसवत होतो, आणि मधल्या मधे काट्यावरचा माणूस गरगरीत होत चालला. आठवड्याने मी काट्यावर चढलो तर तो ओरडला, "ब्यान्नव." पंधरा दिवसांनी, "एक्यान्नव दोनशे." मग माझं बघून तो स्वतः चढला आणि त्याने आकडा ओरडायच्या आधी मी त्याला हातानेच गप्प केलं.

सिगारेटची आठवण रोज येत होती. खरं सांगायचं तर जेवणानंतरची, पावणेदोनची, ती अजून येते. पण त्या दिवसांत मला त्याहून मोठी भीती होती. मी नव्वदच्या आत आलो तरी ती नाही म्हणाली तर? किडनी जबरदस्तीने देता येत नाही. तपासणीला तीन आठवडे उरले आणि भाऊबीज आली.

भाऊबीजेला डबा नसतो, भावाला जावं लागतं. मी नवा शर्ट घालून उलव्याला गेलो. ताईने पाट मांडला, भोवती रांगोळी. मला ओवाळलं, कपाळाला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या. मी तबकात साडी ठेवली. मग ताट आलं. कोंबडीचा रस्सा, तळलेली सुरमई, भात, दोन करंज्या, आणि एकावर एक पाच भाकऱ्या. ताई समोर स्टूल ओढून बसली. भाऊबीजेचं ताट भावाने टाकायचं नाही, हे मला सांगायची गरज नव्हती, पण ती म्हणाली, "भावबीजेचं ताट हाय. पुसून खा."

मग तिची नजर माझ्या शर्टावर गेली. पोटावरची बटणं ओढलेली नव्हती. 

"डबे खातोस नं तू?"

"काट्यावरचा खातो," मी म्हणालो.

 आत सुनेचं भांडं वाजायचं थांबलं.

"मना माहीत हाय ताय," मी म्हणालो. "तू डॉक्टरला काय काय विचारतेस ते मना समजलंय."

मला वाटलं होतं ती नाकारेल, नाहीतर रडेल. तिने दोन्ही केलं नाही. "कललं तं कललं," ती म्हणाली. "मना कोनी विचारलं? तुमी चौघं बसलात नि ठरवलंत. माज्या अंगात काय घालायचं ते मी सोडून सगल्यांनी ठरवलं."

"तू तेव्हाच बोलायचं होतंस."

"बोलले असते तं ऐकला असतास? माजं नाय, पन वजनाचं डॉक्टर ऐकतो." तिने पदर खोचला. "आई गेली तवा तू चार वर्षांचा. मी पंधराची. तू काय खायाचास नाय. दारात बसून तिची वाट बघायचास. मी एकेक घास तुज्या तोंडात कोंबला. ते पोट मी भरलंय. त्याच्यावर सुरी चालवायला मी द्यायची? नि टेबलावर तुला काय झालं तं? मी तुजी किडनी घेऊन जगायचं, नि तू नाय?"

ते दिवस मला आठवत नाहीत. तिने आयुष्यात कधी बोलूनही दाखवले नव्हते. मी भांडायच्या तयारीने बसलेला माणूस, बावन्न वर्षांचा, कपाळावर कुंकू आणि नाकावर अडकलेली अक्षत, पुढ्यात ताट, आणि मला हुंदका आला. सिगारेट सोडल्यावर रडू लवकर येतं हे डॉक्टरांनी मला सांगायला पाहिजे होतं.

"मना काय होनार नाय," मी म्हणालो. माझी बोली मी दुकानात सहसा वापरत नाही, पण तिच्यासमोर दुसरी येईना. "एका किडनीवर मानसं जगतात. तुज्याबिगर कसं जगायचं ते मना येत नाय. ते तू शिकवलंच नायस. बायकोने पंचवीस वर्षं सांगितलं तं मी सिगारेट सोडली नाय. तुज्यासाठी सोडली. आता तू म्हनतेस नको. तं मग नको. मी काय तुला बांधून देनार नाय. पन त्या दिवशी कोनी विचारलं नव्हतं, ते आज मी विचारतंय. तुला जगायचं हाय का नाय?"

ताईने डोळे पुसले नाहीत. पट्टीच्या हाताकडे बघत राहिली. भाच्याची बायको दारात येऊन उभी राहिली होती, ती तशीच उभी राहिली. माझ्या ताटातल्या रश्श्यावरचा तवंग थिजायला लागला. मला पहिल्यांदाच कळलं की तिच्या गप्प बसण्याचा अर्थ मला लावता येत नाही, कधीच येत नव्हता. मी तो न लावता नुसता थांबलो.

मग ती स्टुलावरून पुढे वाकली. माझ्या ताटातल्या वरच्या दोन भाकऱ्या उचलल्या आणि बाजूच्या टोपलीत टाकल्या. एवढ्या वर्षांत तिने माझ्या ताटातलं कधी काही काढून घेतलं नव्हतं. 

"आनखी एक काढ," मी म्हणालो.

"उपाशी ऱ्हाशील," ती म्हणाली, आणि तिसरीही काढली.